कक्षेत पुढे असलेल्या यानाला गाठायचं कसं? (कर्बल स्पेस प्रोग्रॅम, नवशिक्याचा प्रश्न)

साखळीकर

नमस्कार मंडळी. चवथीच्या सुट्टीत मावसभावाने लॅपटॉपवर कर्बल स्पेस प्रोग्रॅम (रॉकेट बांधून अवकाशात सोडायचा खेळ) घालून दिला, तेव्हापासून जेवण झालं की रोज दीड-दोन तास तेच चालू आहे. कामाला वेर्ण्याला जातो, घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, म्हणून वेळ तेवढाच मिळतो.

पहिला आठवडा रॉकेट सरळ वर पाठवण्यात गेला. शंभर किलोमीटर वर जायचं आणि तसंच सरळ खाली यायचं. मग डोक्यात शिरलं की कक्षा म्हणजे उंची नाही, आडवा वेग आहे. कर्बिनचं, म्हणजे खेळातल्या पृथ्वीचं, वातावरण ७० किमीवर संपतं, त्याच्या वर जाऊन आडवा साधारण २,२८० मीटर प्रतिसेकंद वेग मिळवला की यान पडतच राहतं आणि जमीन त्याच्या खालून वळत राहते. ते ज्या रात्री जमलं त्या रात्री झोप लागली नाही.

आता अडचण. माझी अंतराळवीर व्हॅलेंटिना १०० किमीच्या गोल कक्षेत इंधन संपून अडकली आहे. तिला आणायला दुसरं यान पाठवलं, तेही बरोबर १०० किमीवर नेलं. ती ४० किमी पुढे होती. मी यानाचं नाक तिच्याकडे केलं आणि २० मीटर प्रतिसेकंदाने वेग वाढवला. चार मिनिटांत अंतर ४० वरून ३७ वर आलं. मग थांबलं. मग वाढायला लागलं. एक फेरी पूर्ण झाली तेव्हा ती १६० किमी पुढे! मला वाटलं जोर कमी पडला, म्हणून पुन्हा तिच्याकडे नाक करून आणखी ३० मीटर दिले. अंतर आणखी वाढलं. तीन रात्री हेच चाललं आहे. वेग वाढवूनही मी मागे का पडतो?

दिवाडकर

साखळीकर, मी खेळ खेळत नाही, पण प्रश्न वाचून आमची फेरीबोट आठवली. ओल्ड गोव्याहून दिवाडला येताना मांडवीला ओहोटीची ओढ असते तेव्हा चालवणारा बोटीचं तोंड कधीच समोरच्या धक्क्यावर धरत नाही. वरच्या अंगाला धरतो आणि पाणीच बोटीला धक्क्यावर आणून सोडतं. नवीन माणसाला वाटतं हा चुकीच्या दिशेने चाललाय. तुमच्या अवकाशातही अशीच एखादी ओढ असणार. सरळ तिच्याकडे तोंड करून भागत नसेल.

फोंड्याचा मास्तर

दिवाडकर, 'जिथे पोचायचं तिथे तोंड धरू नये' एवढी गोष्ट तुमच्या बोटीने फार छान सांगितली. पण उपमा इथेच सोडावी लागेल. नदीची ओढ एका दिशेने असते आणि इंजिन बंद केलं की बोट पाण्याबरोबर वाहते. कक्षेत वाहून नेणारं कोणी नसतं. यान फक्त पडत असतं, आणि तुम्ही जे काही कराल त्याने त्याचा पडायचा मार्ग बदलतो.

साखळीकर, तुमचेच आकडे घेऊ. कर्बिनची त्रिज्या ६०० किमी, म्हणजे १०० किमी उंचीवरची कक्षा केंद्रापासून ७०० किमीवर. तिथे गोल फिरायला वेग लागतो २,२४६ मीटर प्रतिसेकंद आणि एक फेरी होते १,९५८ सेकंदांत. तुम्ही २० मीटर वाढवलेत. त्याने तुम्ही जिथे आहात तिथली उंची बदलली नाही, बरोबर समोरच्या बाजूची बदलली. ती १०० वरून १२५ किमी झाली. वाट लांबली आणि वरच्या भागात यान हळू चालतं, म्हणून फेरीला आता २,०१२ सेकंद लागतात. व्हॅलेंटिनापेक्षा ५४ सेकंद जास्त. त्या ५४ सेकंदांत ती २,२४६ च्या वेगाने पुढे गेली. गुणाकार करा: १२१ किमी. तुमचे आधीचे ४० आणि हे १२१. तुम्ही लिहिलेले १६० इथून आले.

पहिल्या चार मिनिटांत तीन किलोमीटर जवळ आलात तेही खरंच होतं. यान वर चढायला लागेपर्यंत तुमचा जादा वेग शाबूत होता. चढायला लागल्यावर तो गेला. तुम्ही साखळीचे, चोर्ला घाट तुम्हाला नवा नाही. खालून कितीही जोरात सायकल मारली तरी चढावर ती जड होतेच.

आता उलट विचार करा. ८० किमीच्या कक्षेत वेग २,२७९ आणि फेरी १,८७५ सेकंदांची. म्हणजे खाली असलेलं यान दर फेरीला ८३ सेकंद वाचवतं, आणि वरच्या यानाला दर फेरीत साधारण १५ अंशांनी गाठत जातं. पुढच्याला पकडायचं असेल तर वेग कमी करा, खाली उतरा, फेऱ्या मारू द्या, आणि योग्य वेळी वर चढा.

साखळीकर

सर, हे तीनदा वाचलं. ब्रेक मारला तर मी पुढे जाणार? कागदावर पटतंय, मनाला अजून पटत नाही.

फोंड्याचा मास्तर

मग हे करून बघा, वहीत लिहूनच करा. ८० वरून १०० ला चढायला दोन धक्के लागतात. पहिला ८० वर, १६.५ मीटरचा, पुढच्या दिशेने. त्याने पलीकडची बाजू १०० ला जाते. अर्धी फेरी इंजिन बंद ठेवून नुसतं जायचं. वर पोचलात की दुसरा धक्का, १६.३ मीटरचा, तोही पुढच्याच दिशेने, म्हणजे कक्षा गोल होते. दोन्ही मिळून वेग वाढवला साधारण ३३ मीटर. सुरुवातीचा वेग होता २,२७९, शेवटचा आहे २,२४६. म्हणजे ३३ मीटरने कमी. दोन वेळा ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी तेवढ्याच आकड्याने हळू झाली. दिलेली सगळी ऊर्जा आणि वर वेगातली थोडी, दोन्ही उंचीत गेली.

या दोन धक्क्यांच्या वाटेला होमान ट्रान्सफर म्हणतात. वॉल्टर होमान या जर्मन अभियंत्याने १९२५ साली ती मांडली. तेव्हा अवकाशात काहीच गेलेलं नव्हतं, सगळं कागदावर होतं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

म्हापशाचा वाचक

तुमच्या मनाला पटत नाही यात काही वावगं नाही, साखळीकर. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-४ मोहिमेत अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी हेच केलं होतं. त्यांना वर सोडणाऱ्या टायटन रॉकेटचा रिकामा टप्पा जवळच फिरत होता. त्याच्याकडे नाक करून ते जोर देत राहिले आणि तो टप्पा लांब जात राहिला. जवळजवळ अर्धं इंधन खर्च झालं तेव्हा प्रयत्न सोडावा लागला. ते कसलेले वैमानिक होते. विमानात पुढच्याला गाठायचं म्हणजे त्याच्या दिशेने जोर द्यायचा, ही सवय हातात बसलेली होती. त्याच वर्षी १५ डिसेंबरला जेमिनी-६ए आणि जेमिनी-७ एकमेकांपासून फुटभर अंतरावर आले, तेव्हा ते गणित पुरतं हाती आलं होतं. बझ ऑल्ड्रिन यांनी १९६३ साली एमआयटीत डॉक्टरेट केली ती याच विषयावर: कक्षेत दोन यानांची भेट.

पेडणेकरीण

साखळीकर दादा, सरांचं गणित शंभर टक्के बरोबर आहे. पण स्क्रीनसमोर बसल्यावर अंश मोजायला काही मिळत नाही, म्हणून हाताने कसं करायचं ते मी सांगते. मी अकरावीत असताना दोन महिने याच पायरीवर अडकले होते.

आधी एफ५ दाबून सेव्ह करा. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल नेम नसतो. चूक झाली तर एफ९ दाबून धरलं की मागे जाता येतं.

नवीन यान सोडताना सरळ पूर्वेकडे, नव्वद अंशांवर सोडा. प्रक्षेपण केंद्र विषुववृत्तावर आहे, कर्बिनच्या फिरण्याचा जवळजवळ १७५ मीटरचा वेग फुकट मिळतो. शिवाय व्हॅलेंटिनाही तशीच गेली असेल तर दोघांच्या कक्षा एका पातळीत (एकाच सपाट प्रतलात) येतात. याकडे दुर्लक्ष करू नका. पातळीत एका अंशाचा फरक सुधारायला ४० मीटरच्या आसपास खर्च येतो, म्हणजे ८० वरून १०० ला चढायच्या अख्ख्या खर्चापेक्षा जास्त! फरक असेल तर दोन कक्षा जिथे एकमेकींना छेदतात त्या ठिकाणीच, नॅव्हबॉलवरच्या (स्क्रीनवरच्या दिशा दाखवणाऱ्या गोळ्यावरच्या) जांभळ्या त्रिकोणाच्या दिशेने दुरुस्त करा.

८० वर गोल झालात की नकाशा उघडा, व्हॅलेंटिनाच्या यानावर क्लिक करून तिला टार्गेट करा. तुमच्या कक्षेवर कुठेही मॅन्युव्हर नोड (पुढे द्यायच्या धक्क्याची खूण) टाका आणि प्रोग्रेडचा, म्हणजे पुढच्या दिशेचा, हिरवा दांडा ओढा, समोरची बाजू तिच्या कक्षेला टेकेपर्यंत. आता खरी गंमत: नोड उचलून कक्षेवरून हळूहळू पुढे सरकवा. जवळ येण्याच्या जागेवर खुणांची जोडी दिसते, एक तुमची, एक तिची. नोड सरकेल तशी ती दोन टोकं जवळ येतात. या फेरीत जुळत नसेल तर नोड पुढच्या फेरीत ढकला, मग त्याच्या पुढच्या. अंतर पाच किमीच्या आत आलं की पुरे. अंश मोजायची गरजच पडत नाही.

बर्न (इंजिन चालवणं) नोडच्या आधी अर्धा आणि नंतर अर्धा करा. दहा सेकंदांचा असेल तर पाच सेकंद आधी सुरू.

कुडचडेचा गेमर

एवढं कशाला? मेकजेब मॉड (यान आपोआप चालवणारी जोड) टाका, रेंदेव्हूचं, म्हणजे यानांच्या भेटीचं, बटण आहे. मी चहा घेऊन येतो तोवर तो नेऊन ठेवतो.

पेडणेकरीण

मेकजेब चांगला आहे, मीही वापरते. दहावं स्टेशन बांधताना प्रत्येक वेळी हाताने करणं कंटाळवाणं होतं. पण दादा तीन रात्री हे 'का' होतं तेच विचारत आहेत. पहिल्यांदा स्वतः करू दे त्यांना. त्यानंतर मेकजेब काय करतो ते बघितलं तर त्याचा प्रत्येक बर्न कळतो.

कुडचडेचा गेमर

मान्य. पहिल्यांदा मी मेकजेबच लावला होता, आणि खरं सांगायचं तर मास्तरांचे आकडे वाचून मला आज पहिल्यांदा कळलं तो आधी खाली का नेतो ते.

वास्कोकर

मी मुरगाव बंदरात टगवर (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर) काम करतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्याबद्दल लिहावंसं वाटलं. दोन-तीन किमीवर आल्यावर काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. आम्ही मोठ्या जहाजाला लागतो तेव्हा पहिलं काम त्याच्याकडे जाणं नसतं. आधी त्याच्याबरोबरीने चालायचं, त्याचा वेग तो आपला वेग. दोघांमधला फरक शून्य झाला की मग बाजूने अगदी थोडं थोडं सरकायचं. फेंडर टेकतो तेव्हा डेकवर ठेवलेला चहाचा ग्लास हलला नाही तर काम चांगलं झालं. जवळ जाण्याची घाई केली तर दोर लावायच्या आधीच आदळायची भीती. माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर हा खेळ मी पाहिला आहे. तिथेही हीच रीत चालावी.

पेडणेकरीण

काका, अगदी हीच रीत! जवळ आलात की नॅव्हबॉल आपोआप टार्गेट मोडवर जातो. तिथे दिसणारा वेग कर्बिनच्या हिशोबाने नसतो, तिच्या हिशोबाने असतो. रेट्रोग्रेडच्या (उलट दिशेच्या) खुणेवर नाक धरा आणि तो आकडा शून्य करा. त्यानंतर टार्गेटच्या खुणेकडे नाक करून चार-पाच मीटरचा हलका धक्का. इथे मात्र सरळ तिच्याकडे गेलेलं चालतं, कारण अंतर इतकं कमी असतं की कक्षेला बिघडवायला वेळच मिळत नाही. ४० किमीवर जी चूक होती तीच गोष्ट एका किमीवर बरोबर ठरते.

म्हापशाचा वाचक

यावरून इस्रोचं स्पेडेक्स आठवलं. ३० डिसेंबर २०२४ ला दोन उपग्रह सोडले, प्रत्येकी २२० किलोचे, ४७५ किमीच्या कक्षेत. जानेवारीत डॉकिंगचा, म्हणजे दोघांना जोडायचा, दिवस ठरला होता, पण जवळ आणताना दोघांमधलं सरकणं अपेक्षेपेक्षा जास्त दिसलं, म्हणून पुढे ढकललं. १२ जानेवारीला तीन मीटरपर्यंत आणून पुन्हा मागे घेतलं, आकडे तपासले आणि १६ जानेवारी २०२५ ला जोडलं. तीन मीटरवरून मागे फिरायला किती धीर लागत असेल! वास्कोकरांच्या चहाच्या ग्लासाची किंमत तिथे कळते.

डिचोलीची विद्यार्थिनी

मधेच विचारते, माफ करा. चंद्रयान-३ एकदम चंद्राकडे का गेलं नाही? १४ जुलै २०२३ ला उडालं आणि पृथ्वीभोवतीच फिरत राहिलं. खेळात तर मुनकडे (कर्बिनच्या चंद्राकडे) एकाच बर्नमध्ये जाता येतं, ८६० मीटर लागतात.

फोंड्याचा मास्तर

छान प्रश्न. खेळातलं इंजिन यानाच्या मानाने ताकदवान असतं, बर्न मिनिटाभरात संपतो. चंद्रयानाचं इंजिन यानाच्या वजनापुढे लहान होतं. एकदम सगळा वेग द्यायचा म्हटला तर बर्न फार लांबतो, आणि तोवर यान पृथ्वीजवळच्या बिंदूपासून दूर निघून जातं. जोर द्यायचा तो सगळ्यात खालच्या, सगळ्यात वेगवान ठिकाणी. तिथे त्याच इंधनातून जास्त ऊर्जा मिळते, त्याला ओबर्थ परिणाम म्हणतात. म्हणून दर वेळी खालच्या बिंदूवर आलं की थोडा धक्का, आणि वरचं टोक लांब. पाच धक्क्यांनंतर, २५ जुलैला, ते टोक १,२७,६०९ किमीवर गेलं होतं. मग १ ऑगस्टला चंद्राकडे, ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत आणि २३ ला उतरलं.

खेळात मुद्दाम लहान इंजिन लावून बघ. वर्गात मी कितीही सांगितलं तरी एवढं कळणार नाही.

एक गोष्ट मात्र खेळात दिसणार नाही. तो एका वेळी एकाच ग्रहाचं गुरुत्व धरतो. मुनच्या हद्दीत शिरलात की कर्बिनची ओढ एकदम बंद. त्यामुळे इस्रोचं आदित्य-एल१ जिथे जाऊन राहिलं आहे तसा, सूर्य आणि पृथ्वी दोघांच्या ओढीवर टिकणारा बिंदू मूळ खेळात नाहीच.

साखळीकर

काल रात्री झालं.

नवीन यान सोडलं, नव्वदवर. ८० ला गोल केलं. ती बरीच पुढे होती, अंदाजे ५० अंश. नोड टाकून सरकवत गेलो, पहिल्या फेरीत नाही, दुसऱ्या फेरीत नाही, तिसऱ्या फेरीत दोन खुणा एकत्र आल्या: १.८ किमी. सरांचा हिशोब वहीत करून पाहिला. दर फेरीला १५ म्हणजे तीन फेऱ्यांत ४५-४६, आणि चढायच्या अर्ध्या फेरीत मी तिच्यापेक्षा चार अंश जास्त जातो, म्हणून निघताना ती चार अंश पुढे हवी. बसला! आकडा बसल्यावर मी खुर्चीतून उठून पडवीत एक चक्कर मारून आलो.

वर पोचलो तेव्हा टार्गेटचा वेग १६ मीटर दाखवत होता. जवळ जायचा मोह झाला, पण वास्कोकर काकांचं ऐकलं. आधी शून्य. तेव्हा ती दोन किमीवर स्थिर उभी होती, काळ्यात एक पांढरा ठिपका. पाच मीटरचा धक्का. पाचशे मीटरवर तिचे सोलर पॅनल वेगळे दिसायला लागले. दोनशेवर पुन्हा शून्य, मग एक मीटर. पन्नास मीटरवर थांबवलं. इतक्यात आमच्याकडे वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी होती म्हणून वाचलो, घरात सगळा काळोख आणि फक्त स्क्रीनवर दोन यानं.

व्हॅलेंटिनाला बाहेर काढलं, पाठीवरच्या जेटने हळू हळू आणलं. पहिल्यांदा शिडी हुकली आणि ती यानाच्या खाली गेली. दुसऱ्यांदा हात लागला.

मी तीन रात्री जिच्याकडे धावत होतो तिला शेवटी तीन फेऱ्या थांबून गाठलं. सरांनी लिहिलेलं ब्रेक मारून पुढे जाणं आता मला मनातून पटलं आहे. आता पातळीतला फरक मुद्दाम दोन अंश ठेवून तो कसा काढायचा ते शिकणार आहे.

सकाळी डबा भरताना आईने विचारलं, "ती वर अडकलेली पोरगी आली का?" मी इतके दिवस काय करतोय ते ती बघत होती हे मला माहीतच नव्हतं.

फोंड्याचा मास्तर

अभिनंदन! मनापासून. परत येताना कक्षेचा खालचा बिंदू किती उंचीवर ठेवलात?

साखळीकर

३२ किमी, सर. पॅराशूट उघडलं, समुद्रात उतरली. आईला दाखवलं.